पाठीला पाठ

सेमोन्काँग म्हणजे धुराचं गाव.
धूर कसला, पाणीच ते धबधब्याचं,
दरीत पडून फुटतं आणि वर येतं.
परकी माणसं घोड्यावर बसून बघायला जातात,
म्हणतात, काय हवा आहे!
माझ्या नवऱ्याला त्या हवेतला
एक घोटही उतरत नाही.

एकवीस वर्षं सेआबाता जमिनीच्या पोटात होता,
सीमेपलीकडे, वेल्कोमच्या खाणीत.
सोनं कंपनीचं झालं.
दगडाची पूड तेवढी त्याच्या वाट्याला आली,
तीही त्यानं इमानानं
छातीत भरून घरी आणली.

रात्री मी त्याचे श्वास मोजते.
चौदा. पंधरा. मग मध्येच खंड.
त्या खंडात मी देवाशी भांडते,
हलक्या आवाजात, मुलगी झोपलेली असते.
म्हणते, मातीत फुंकर घालून माणूस केलास ना तू?
मग याच्या वेळी फुंकर कमी पडली
की माती जास्त झाली?
सोळा.

माझं नाव न्थोफेला. म्हणजे नुसती वस्तू.
माझ्याआधीची दोन गेली,
म्हणून मृत्यूची नजर पडू नये असं नाव
आईनं शोधून ठेवलं.
कधी वाटतं, देवाचीही नजर
तेव्हापासून चुकलेली असेल.

प्रभूनं शिकवलेली प्रार्थना तोंडपाठ आहे मला.
भाकरीपर्यंतही पोचत नाही.
त्याच्या अलीकडे, जिथं त्याच्या इच्छेचं येतं,
तिथं जीभ अडते,
गाढव ओढ्याच्या काठाशी अडावं तशी.
ओढा, मारा, पाय पाण्यात घालत नाही.
आठ महिने मी त्या काठावर उभी आहे.

ईस्टरला पाळकसाहेब येऊन गेले.
भला माणूस. दोन डोंगर चालून आला होता.
म्हणाला, दुःख म्हणजे भट्टी, सोनं तिच्यात शुद्ध होतं.
ब्लँकेटाखालून सेआबाता हसला.
हसण्यानं खोकला आला, खोकल्यानं रक्त.
सोन्याबद्दल, तो म्हणाला,
मला कुणी सांगू नका.

गुरुवारी बायका येतात,
लाल जाकिटं, पांढऱ्या कॉलरी,
दारात बुटांवरचा बर्फ आपटून झाडतात.
सगळ्या एकदम प्रार्थना करतात, मोठ्यानं, आपापली.
कुणाचं कुणाला कळत नाही.
देव बसत असेल सूप घेऊन,
ज्वारीतले खडे निवडल्यासारखा.
मी त्यांच्यात नुसते ओठ हलवते.

परवाच्या गुरुवारी म्हातारी माम्पोलोकेंग
गुडघे टेकलेच नाही.
खाटेखालचं घमेलं उचलून बाहेर गेली,
दगडानं बर्फ फोडला, घमेलं घासलं,
आत येऊन खाटेवर चढली
आणि सेआबाताला उठवून बसवला,
त्याची पाठ आपल्या पाठीला टेकवून.
उशी सरकते, म्हणाली. पाठ नाही सरकत.
तिचा मुलगा त्याच खाणीत गेला.
त्याला वर काढलंच नाही.

बाकीच्या बायका भिजल्या आवाजात देवाला हाका मारत होत्या
आणि ही भिंतीकडे तोंड करून
माझ्याशी बोलावं तसं म्हणाली,
त्यालाही शेवटी श्वासच पुरला नाही गं.
वर उचलावं लागायचं अंग, एकेका श्वासासाठी.
मागं नुसतं लाकूड.
पाठ द्यायला कुणी नव्हतं.

कुणाबद्दल बोलते आहे हे कळायला
मला थोडा वेळ लागला.

त्या गेल्यावर मी तिच्या जागी बसले.
श्वास आता मोजत नाही,
ते माझ्याच बरगड्यांवर येऊन आपटतात,
खरखरीत, गरम.
खंड पडला की मी पाठ थोडी मागं रेटते.
आणि त्या अंधारात, माझ्याही मागं
काहीतरी टेकलेलं आहे असं वाटलं.
भिंतच असेल.
भिंत इतकी ऊबदार नसते.

मग त्या वाक्यातला पहिला शब्द म्हटला. तुझी.
पाणी फार गार होतं.
पुढचा अजून म्हटलेला नाही.
पाय मात्र काढून घेतला नाही मी.